आत पोकळ, बाहेर दोन थर: गॅस आणि पाण्याच्या मोल्डिंगची वाट, नवख्यांसाठी

साधं इंजेक्शन मोल्डिंग ज्याला येतं, म्हणजे दाणा हॉपरमध्ये टाकून, तापमान लावून, शॉट मारून (एका फेरीत माल साच्यात सोडून) धड पीस काढता येतो, त्याच्यासाठी हे लिहितोय. बुटीबोरी, हिंगणा, अकोला, यवतमाळच्या एमआयडीसीत आणि आता तालुक्याच्या गावातल्या पत्र्याच्या शेडमध्येसुद्धा अशी पोरं पुष्कळ आहेत. झाकणं, ठिबकच्या जोडण्या, पंपाचे सुटे भाग ही मंडळी डोळे मिटून काढतात. अडतं कुठे, तर जाड दांडा, वाकडी नळी, भक्कम मूठ असला भाग आला की. भरीव काढला तर वरून खड्डे पडतात, आत कुठेतरी नको तिथे पोकळ्या राहतात आणि डाय, म्हणजे साचा, मिनिटामागून मिनिटं बंद ठेवावी लागते. अशा भागाच्या पोटात वितळलेलं प्लास्टिक असतानाच दाबानं नायट्रोजन किंवा पाणी सोडायचं आणि तो आतून पोकळ करायचा, ही युक्ती जुनी आहे. गॅसचं तंत्र १९७०च्या दशकात पेटंट झालं. पाण्याचं तंत्र जर्मनीतल्या आखेनच्या आयकेव्ही संस्थेनं १९९०च्या दशकाच्या अखेरीस उभं केलं. एका प्लास्टिकच्या पोटात दुसरं प्लास्टिक भरायचं सँडविच मोल्डिंग तर या दोन्हींच्या आधीचं. या लेखात तिन्ही एकत्र येतात: बाहेर एक थर, आत दुसरा थर, आणि मधोमध पोकळी.

एकच गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. डायमध्ये घुसलेला गॅस असो की पाणी, ते जिथे माल सगळ्यात गरम आणि सगळ्यात जाड आहे तिथूनच जातं. ओलिताच्या वेळी दांडातलं पाणी जसं सखल जागा धरतं, फावड्यानं वाट करून दिली नाही तर आपल्या मर्जीनं वळतं, तसंच हे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत: वाट आपण आखून द्यायची, त्याला आखू द्यायची नाही.

आधी भाग निवडा, मशीन नंतर

पहिल्यांदा शिकायला सरळ, गोल, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारा भाग घ्या. उदाहरणाला फवारणी पंपाचा दांडा धरू: बाहेरचा व्यास ३० मिमी, लांबी २५० मिमी. आपल्याकडे कपाशी आणि संत्र्याच्या पट्ट्यात याला गिऱ्हाईक आहे आणि चाचणीला तो सोपाही आहे. फांद्या फुटलेला, गोल फिरून स्वतःलाच मिळणारा भाग घेऊ नका. बंद कड्यात पाणी दोन्ही बाजूंनी येतं, मध्ये मालाचा गोळा अडकतो आणि तो गोळा कोणत्याही सेटिंगनं निघत नाही.

आता कागद-पेन घ्या. या दांड्याचं पूर्ण घनफळ साधारण १७७ घन सेंटीमीटर येतं. भरीव पीपीचा (पॉलिप्रॉपिलीनचा) काढला तर वजन १६० ग्रॅमच्या घरात. पोकळी किती मोठी होईल? इथे एक जुना आकडा कामी येतो. नळीतला घट्ट द्रव फुग्यानं ढकलला तर भिंतीला किती चिकटून राहतो याचे प्रयोग जी. आय. टेलर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केले. फुगा वेगात असेल तर सुमारे ६० टक्के माल भिंतीवर राहतो असं त्यातून आणि त्यापुढच्या कामातून दिसलं. खरं प्लास्टिक त्या साध्या द्रवासारखं वागत नाही, भिंत थोडी पातळही येते, पण पहिल्या अंदाजाला हा आकडा चांगला. म्हणजे १७७ पैकी १०६ घन सेंटीमीटर माल, ७१ घन सेंटीमीटर पोकळी. पोकळीचा व्यास १९ मिमीच्या आसपास, भिंत साडेपाच मिमी. वितळलेल्या पीपीची घनता ०.७४च्या जवळपास असते, त्यामुळे शॉट ७८ ग्रॅमच्या आसपास. अर्धा माल वाचला.

वेळेचा हिशेब तर याहून बोलका आहे. थंड व्हायचा वेळ जाडीच्या वर्गानं वाढतो: जाडी दुप्पट, वेळ चौपट. ३० मिमीचा भरीव पीपी कागदावर सात मिनिटं मागतो. गॅसनं पोकळ केला तर भिंत फक्त बाहेरून, डायच्या अंगानं थंड होते. हिशेब अडीच मिनिटांवर येतो. पाण्यानं पोकळ केला तर भिंत दोन्हीकडून थंड होते आणि कागदावर पाऊण मिनिटाच्याही आत निपटतं. प्रत्यक्षात पाणी आत सोडणं, बाहेर काढणं यात वेळ जातो, म्हणून एवढा फायदा हातात पडत नाही. तरी सायकल गॅसच्या निम्म्यावर येणं काही नवल नाही.

गॅस की पाणी?

माझं मत सरळ आहे. पहिलं वर्षभर गॅस. पाणी नंतर, आणि तेही भाग मोठ्या व्यासाचा असेल तरच.

कारणं सांगतो. पाण्याची उष्णता धरायची ताकद, वजनाला वजन धरलं तर, नायट्रोजनच्या चौपट आहे आणि उष्णता वाहून न्यायची ताकद वीसपटीहून जास्त. म्हणून पाणी मोठ्या पोकळीत भारी पडतं: भिंत सारखी येते, आतला पृष्ठभाग गुळगुळीत येतो. गॅसमध्ये उलट होतं. दाबाखाली थोडा नायट्रोजन गरम मालात मुरतो आणि दाब सोडला की आतल्या अंगाला फेसासारखा खडबडीतपणा येतो. मुठीला त्यानं काही बिघडत नाही, पण ज्या नळीतून पुढे पाणी किंवा तेल वाहणार आहे तिला बिघडतं.

पण पाण्याचे नखरेही तेवढेच. पाणी हळू सोडलं तर पुढचा माल गोठतो आणि पाणी अडतं, किंवा वाफेचे बुडबुडे भिंतीत घर करतात. म्हणून पंप मोठा लागतो, डायमध्ये पाणी सोडणाऱ्या पिनेचं तोंड मोठं लागतं, भागाला मोठं भोक राहतं. गळती झाली की डाय ओली, डाय ओली की पुढच्या शॉटवर डाग. शिवाय शॉट झाल्यावर पाणी पिसातून काढायचं म्हणजे भाग उभा ठेवायचा नाहीतर हवेनं फुंकायचा. दहा मिमीच्या आतल्या पोकळीसाठी हा सगळा खटाटोप परवडत नाही.

गॅसची एक खोड लक्षात ठेवा: तो दबतो आणि मग उसळतो. पुढचा माल कमी होत गेला की अडवणूक कमी होते आणि गॅस शेवटच्या टप्प्यात एकदम धावतो. पाणी दबत नाही, त्यामुळे मोजून सोडता येतं.

हवा का नाही वापरायची, हे प्रत्येक नवखा विचारतो. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. गरम प्लास्टिक, दाब आणि ऑक्सिजन एकत्र आले की माल आतून जळतो, काळा पडतो. नायट्रोजनला त्यात काही रस नाही.

कोणता थर कुठे बसतो

नियम लहान आहे. जो माल आधी जातो तो डायच्या थंड भिंतीला चिकटतो आणि बाहेरचा थर होतो. जो नंतर जातो तो त्याच्या पोटात राहतो. पाणी किंवा गॅस सगळ्यात शेवटी, म्हणून ते दुसऱ्या मालाच्या पोटात शिरतं. बाहेर दिसणारा माल पहिला, आत द्रवाला लागणारा माल दुसरा.

दोन थर हवेत कशाला? कधी बाहेरून मऊ पकड हवी आणि आतून कडकपणा: बाहेर पीपीच्या जातकुळीचं रबरी टीपीव्ही, आत पीपी. हे दोघं एकमेकांना धरतात, म्हणून नवख्यांना ही जोडी बरी. कधी आत इंधन किंवा सॉल्व्हंट वाहणार असतं. झायलीनसारखी सॉल्व्हंटं पीपी आणि पॉलिथिलीनमध्ये मुरतात, फुगवतात. म्हणून कीटकनाशकाच्या घट्ट औषधाच्या कितीतरी बाटल्यांत नायलॉनचा किंवा ईव्हीओएच नावाच्या प्लास्टिकचा अडसर-थर असतो. नळीतही तेच: आत नायलॉन, बाहेर स्वस्त पीपी. पण इथे मेख आहे. पीपी आणि नायलॉन एकमेकांना धरत नाहीत. पीस वरून झकास दिसतो आणि महिनाभरानं आतला थर सालपटासारखा सुटतो. मालेइक अॅनहायड्राइड चढवलेलं पीपी पीपीत मिसळलं तर ते नायलॉनला धरून ठेवतं. ते न घालता ही जोडी करायला कोणी सांगितलं तर नाही म्हणा.

आकसण्याचाही विचार करा. साधं पीपी एक ते अडीच टक्के आकसतं, काच भरलेलं नायलॉन त्याहून कमी. दोघांमधला फरक शेवटी जोडावर ताण होऊन बसतो.

आणि मालाचा पातळपणा. आतला माल बाहेरच्यापेक्षा पातळ असला तर तो मधूनच सुसाट पुढे जातो आणि टोकाला बाहेरचा थर फोडून पृष्ठभागावर येतो. आतला माल बाहेरच्याइतकाच किंवा जरासा घट्ट ठेवा. फार घट्ट ठेवला तर तो गेटजवळच, माल डायमध्ये शिरतो त्या तोंडाशीच, थोपून बसतो. दाणा घेताना एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा) विचारायचा तो यासाठी: आतल्या मालाचा आकडा बाहेरच्यापेक्षा थोडा कमी.

डाय

डायवाल्याशी बोलताना चार गोष्टी आग्रहानं सांगा. पाण्याची किंवा गॅसची पिन गेटच्या जवळ, मालाच्या पाठीमागे असावी, म्हणजे द्रव (इथून पुढे द्रव म्हणजे पाणी किंवा गॅस) मालाला पुढे ढकलेल. समोरासमोर आले तर भाग भरत नाही. वळणं गोल असावीत. वळणात द्रव जवळची वाट धरतो, आतल्या बाजूची भिंत पातळ होते आणि बाहेरची जाड. तीक्ष्ण कोपरा दिला तर पातळ बाजू फुटतेच. सपाट भागाला जाड पट्टा देऊन त्यातून गॅस न्यायचा असेल तर पट्टा बाकीच्या जाडीच्या दुपटीहून जाड ठेवा, नाहीतर गॅस पट्टा सोडून सपाट भागात बोटं फुटल्यासारखा पसरतो. चौथी गोष्ट, टोकाला ओव्हरफ्लोची खोली, म्हणजे द्रवानं ढकललेला जास्तीचा माल मावेल अशी जागा. ती आज वापरायची नसली तरी जागा ठेवून घ्या, नंतर खोदणं महागात जातं.

गॅसच्या पिनेची फट मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत मोजायची असते: गॅस जातो, माल शिरत नाही. पाण्याची पिन उघड-मीट करणारी असते, तोंड मोठं.

मशीनला शट-ऑफ नोजल, म्हणजे माल गेला की बंद होणारं तोंड, हवंच. ते वेळेवर बंद झालं नाही तर गॅस उलटा बॅरलमध्ये शिरतो आणि हॉपरच्या तोंडातून दाणा उडतो. दोन मालांसाठी दोन बॅरलची मशीन, किंवा जुन्या मशीनला जोडलेलं दुसरं छोटं इंजेक्शन युनिट. दुसरा पर्याय आपल्याकडच्या खिशाला जवळचा, फक्त दोन्ही मालांची वाट बदलणारा व्हॉल्व्ह चांगला घ्या. तिथे काटकसर करू नका.

आपल्याकडचं पाणी, ऊन आणि लाइट

पुस्तकात हे सापडत नाही आणि विदर्भात सगळ्यात जास्त त्रास यानंच होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

अकोला, अमरावती, बुलडाण्यातला पूर्णेचा खारपाणपट्टा सगळ्यांना ठाऊक आहे. तिथलं बोअरचं पाणी प्यायला चालत नाही, पिकाला चालत नाही आणि तुमच्या डायलाही चालत नाही. पाण्यातलं क्लोराइड साध्या ३०४ स्टेनलेसलासुद्धा बारीक खड्डे पाडतं. पिन, व्हॉल्व्ह, पाइप ३१६चे घ्या. डायच्या पोकळीचं पोलाद ४२० जातीचं स्टेनलेस घ्या. पी२० या साच्याच्या नेहमीच्या पोलादावर दिवाळीच्या सुट्टीत गंज चढतो. खारपाणपट्ट्याबाहेरही बोअरचं पाणी जड असतं. गरम प्लास्टिकला लागलं की पांढरा थर धरतं आणि पिनेचं तोंड आवळत जातं. उपाय एकच: आरओचं, जमल्यास क्षार काढलेलं पाणी टाकीत भरायचं, तेच फिरवून वापरायचं, परतीच्या वाटेवर बारीक फिल्टर लावायचा. पाणी रोज नवं लागत नाही, म्हणून टँकरच्या गावातही हे जमतं.

टाकी उन्हात ठेवू नका. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात पोळेल असं होतं आणि पहाटे कोमट. त्याच सेटिंगवर सकाळचा पीस वेगळा, दुपारचा वेगळा येतो, आणि सेटर बिचारा दाब-वेगाशी खेळत बसतो. टाकी सावलीत ठेवा, चिलरला जोडा आणि चिलर घेताना ४५ अंशांच्या हवेत त्याची क्षमता किती, असं विचारून घ्या. कॅटलॉगातला आकडा बहुतेक वेळा ३५ अंशांचा असतो. मशीनच्या तेलाकडेही बघा, ते ५० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका.

पावसाळ्यात उलटं दुखणं. आषाढ-श्रावणात हवा इतकी दमट असते की थंडगार डायवर घाम येतो. त्या दिवसांत चिलरचं पाणी थोडं गरम ठेवा. नायलॉन त्याच हवेतून ओल ओढतं. ८० अंशांवर निदान चार तास वाळवल्याशिवाय ते हॉपरमध्ये टाकूच नका, ओल ०.२ टक्क्याच्या खाली हवी. वाळवलेला दाणा उघड्या पोत्यात तासभर ठेवला तर वाळवणं पाण्यात गेलं.

आणि जिनिंगचा हंगाम. शेजारी जिनिंग असेल तर दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत हवेत कापसाची लव उडत असते. ती हॉपरमध्ये पडली तर आतल्या थरात जळकी रेघ दिसते, पातळ भिंत तिथूनच उसवते. चिलरच्या जाळीवर बसली तर चिलर धापा टाकतो. हॉपरला झाकण आणि जाळीला दर आठवड्याला ब्रश, एवढं पुरतं.

लाइटचं काय सांगायचं! शॉटच्या मधोमध लाइट गेली तर दाबाखालचा गॅस पिसात अडकलेला राहतो. म्हणून दाब सोडणारा व्हॉल्व्ह असा निवडा, की लाइट गेली की तो आपोआप उघडला पाहिजे. विक्रेत्याला हा प्रश्न पहिला विचारा. बॅरलमध्ये नायलॉन असेल आणि लाइट तासभर येणार नसेल, तर ती आल्यावर सरळ पीपीनं बॅरल धुऊन काढा, जळका माल पुढच्या पिसांत जाऊ देऊ नका.

नायट्रोजनशी वागताना

साधा नायट्रोजन सिलिंडर भरताना दाब १५० बारच्या आसपास असतो आणि वापरता वापरता उतरतो. कामाला ५० ते २५० बार लागतात, म्हणून मध्ये दाब वाढवणारा बूस्टर लागतो. सिलिंडर साखळीनं भिंतीला बांधा, उन्हात ठेवू नका, तपासणीची तारीख बघून घ्या. दाबाच्या टाक्या आणि सिलिंडरचे नियम पाहणाऱ्या पेसोचं मुख्यालय नागपुरातच आहे. टाकी बसवण्याआधी परवान्याचं विचारायला मुंबई-दिल्ली गाठावी लागत नाही.

नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. थंडीत दारं-खिडक्या लावून घेतलेल्या छोट्या खोलीत गळती झाली तर ऑक्सिजन कमी होतो आणि माणूस कळायच्या आत कोसळतो. बूस्टर उघड्या जागेत ठेवा.

आणि डाय उघडण्याआधी दाब शून्यावर आला पाहिजे. अर्धवट दाबात डाय उघडली तर पीस फुटतो, आणि गरम प्लास्टिक अंगावर येतं. ही अट मशीनच्या इंटरलॉकमध्ये घालून घ्या, ऑपरेटरच्या आठवणीवर सोडू नका.

चाचणी: एकावेळी एकच गोष्ट

सगळं एकदम चालू करायचा मोह होतो. करू नका. दोन माल, पाणी, ओव्हरफ्लो सगळं एकत्र लावलं आणि पीस बिघडला, तर दोष कोणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

सुरुवात एकाच मालानं, गॅसशिवाय. साधं पीपी, २२० ते २३० अंश, डाय ४० अंशांच्या आसपास. शॉट मुद्दाम कमी ठेवा आणि हळूहळू वाढवत जा: ५० टक्के, ६०, ७०. प्रत्येक अर्धवट पीस ओळीनं मांडून ठेवा. माल कुठून कसा पुढे जातो, कुठे आधी पोचतो, कुठे मागे राहतो हे त्या ओळीत दिसतं. एक बाजू पुढे धावत असेल तर आधी डायचं तापमान आणि गेट बघा. वाकडं भरणाऱ्या डायमध्ये गॅस सोडला तर तो वाकडाच जाणार.

मग गॅस. आपल्या दांड्याला ६० टक्क्यांचा हिशेब निघाला, पण सुरुवात ७० टक्क्यांपासून करा, कमी मालात गॅस पुढून फुटून बाहेर येतो आणि डाय घाण होते. दाब सुरुवातीला ८०-१०० बार, माल थांबल्यापासून गॅस सुरू होईपर्यंतचा वेळ एक सेकंद. मग शॉट एकेक टक्क्यानं खाली आणा.

इथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. कमी शॉटच्या या पद्धतीत पोकळी किती मोठी होणार हे शॉटनं ठरतं, दाबानं नाही. डायचं घनफळ वजा माल, उरली ती पोकळी. थंड होताना माल आकसतो तेवढी भर पडते. दाब वाढवला तर पृष्ठभाग चांगला दबतो, खड्डे जातात, पण पोकळी लांब होत नाही. थांबायचा वेळ वाढवला तर भिंत जाड गोठते, पोकळी अरुंद होते आणि तेवढंच घनफळ भरायला ती जास्त लांब पळते, कधीकधी टोकातून बाहेर. म्हणजे टोक फुटत असेल तर दाबाकडे धावायच्या आधी शॉट वाढवून बघा, थांबणं कमी करून बघा.

पृष्ठभागावर गोल कड्यासारखी रेघ येते, ती माल थांबला आणि गॅस सुरू झाला त्या जागेची. थांबणं कमी केलं की फिकट होते. पूर्ण जात नसेल आणि गिऱ्हाइकाला चालत नसेल, तर ओव्हरफ्लोची पद्धत धरा: डाय पूर्ण भरा, मग टोकाचं दार उघडा आणि द्रवानं मधला माल त्या खोलीत ढकला. पाण्याचं काम बहुतेक याच पद्धतीनं चांगलं होतं.

आता दुसरा माल. पण दुसऱ्या जातीचा नको. तेच पीपी, बाहेर काळ्या मास्टरबॅचचं (रंगाचा दाणा मिसळलेलं), आत कोरं. रंगानं थर दिसतात आणि चिकटण्याची भानगड मध्ये येत नाही. एकूण माल तोच ठेवा, त्यातला ६५ टक्के काळा, ३५ टक्के कोरा. आधी गॅसशिवाय अर्धवट शॉट, मग गॅससकट. काळा-कोरा बसला की मगच खरी जोडी लावा. गॅसवर जमलं की पाणी.

करवत हाच खरा मीटर

पीस बाहेरून बघून काही कळत नाही. आमच्याकडे नवा पोरगा पीस टेबलावर आपटून म्हणतो, "दादा, पीस तं टणक दिसून राह्यला." त्याला एकच उत्तर: "कापून पाय ना बाबू."

दांडा थंड होऊ द्या, वाइसमध्ये कपडा लावून धरा, हॅक्सॉनं लांबीत उभा चिरा. दातांमुळे काळा भुगा कोऱ्या थरावर पसरतो, तो ब्लेडनं खरवडून काढा, मग ओल्या पॉलिश पेपरनं घासा. आता बघा. गेटजवळ काळा थर पातळ, कोरा जाड. मधे दोन्ही जवळजवळ सारखे. टोकाकडे कोरा थर निमुळता होत संपतो आणि त्याच्या पुढे फक्त काळा. द्रवाची पोकळी त्या कोऱ्या थराच्या आतच संपली पाहिजे. पोकळीचं टोक कोऱ्या थराच्या पुढे जाऊन काळ्यात घुसलेलं दिसलं, तर तेवढ्या भागात आतला थर नाही. नळीला इंधन किंवा सॉल्व्हंटसाठी आतून नायलॉन हवं असेल तर तो पीस बाद, बाहेरून कितीही देखणा असला तरी. कोरा माल थोडा वाढवा.

उलट टोकाला बाहेरून कोरा ठिपका दिसला तर आतल्या मालानं बाहेरचा थर फोडला आहे. कोरा कमी करा किंवा त्याचं तापमान पाच-दहा अंशांनी उतरवा, म्हणजे तो घट्ट होईल.

दुसरा पीस आडवा कापा, पाच जागी, आणि प्रत्येक चकतीवर चार दिशांना व्हर्नियर लावा. एका बाजूची भिंत सतत पातळ येत असेल तर डायच्या त्या बाजूचं थंड करणारं पाणी तपासा: थंडगार बाजूला माल आधी गोठतो, भिंत जाड होते आणि द्रव दुसऱ्या बाजूला सरकतो. चकत्यांवर मार्करनं तारीख, शॉट, दाब, थांबणं लिहून भिंतीवर खिळ्याला टांगा. वहीतले आकडे कोणी बघत नाही, टांगलेली चकती सगळे बघतात.

भिंतीत बारीक छिद्रं दिसली तर गॅसमध्ये दाब फार लवकर सोडला जातोय, पाण्यात प्रवाह कमी पडतोय. दोन्हीत छिद्रं असतील आणि माल नायलॉन असेल तर वाळवण बघा.

उरलेला माल

ओव्हरफ्लोच्या खोलीत निघणाऱ्या गोळ्यात दोन्ही माल मिसळलेले असतात, ते वेगळे होत नाहीत. ग्राइंडरमधून काढून आतल्या थरात थोडे थोडे मिसळा, बाहेरच्या थरात कधीच नाही. जोडी पीपी-नायलॉनची असेल तर तेही टाळा. तो भंगार मुठींसारख्या बिनजोखमीच्या कामाला वापरा.

जुन्या ठिबकच्या नळ्या दळून आत घालायची कल्पना वरूड-मोर्शीकडे कोणी ना कोणी सुचवतंच. भरीव सँडविच भागात, बाहेरचा मालही पॉलिथिलीनचाच असेल तर, ती चालून जाते. पोकळ भागात नको. त्या नळ्यांत उन्हानं मेलेलं प्लास्टिक असतं आणि धुऊनही काळ्या मातीचे, वाळूचे कण राहतात. चार-पाच मिमीच्या गरम भिंतीत असा एक कण पुरतो. पाणी तिथूनच फोडून बाहेर पडतं.

शिकायचं असेल तर चंद्रपूरला सिपेट या प्लास्टिकचं शिक्षण देणाऱ्या संस्थेचं केंद्र आहे. तिथे मोल्डिंग, डाय आणि माल तपासणीचे कोर्स चालतात. जाताना आपल्या कापलेल्या चकत्या घेऊन जा, नुसत्या शब्दांत विचारण्यापेक्षा ते बरं.

पाण्यावर काम करत असाल तर शनिवारी संध्याकाळी मशीन बंद करण्याआधी पिन पूर्ण उघडून हवेनं फुंका, पाइपातलं पाणी काढा, डायच्या दोन्ही तोंडांवर गंजरोधक स्प्रे मारा आणि डाय मिटवून ठेवा. सोमवारी पहिले पाच-सहा शॉट फेका. त्यात स्प्रेचं तेल असतं, थर एकमेकांना धरत नाहीत.